मनगटाचा बोगदा आणि शॉक वेव्हचे यंत्र

(खंडवा येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्हाला आठव्या वेतन आयोगावर बोला म्हटले असते तर काम सोपे होते. ते भाषण आमच्या खिशात नेहमी तयार असते. पण कार्यकारिणीने आम्हाला मनगटावर बोलायला सांगितले आहे. आम्ही मॅट्रिक शिकलेले, डॉक्टर नव्हे. तरीही उभे राहिलो, कारण गेल्या पावसाळ्यापासून निदान तीन सभासद युनियनच्या ऑफिसात एकच छापील कागद घेऊन आले. कागदावर लिहिले होते, हाताच्या मुंग्या, बधिरपणा, ऑपरेशनशिवाय शॉक वेव्हने बरा. खाली पॅकेजचा भाव. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, पतपेढीतून कर्ज काढू का?

प्रथम शॉक या शब्दाविषयी. आमच्या एका ट्रॅकमन साथीला वाटले की हाताला करंट लावतात, म्हणून तो घाबरून गेलाच नाही. यात विजेचा झटका नाही. शॉक वेव्ह म्हणजे दाबाची लाट. मुतखडा न कापता बाहेरून फोडतात ते यंत्र आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल, काहींनी भोगलेही असेल. ती हीच लाट. जर्मनीत म्युनिक येथे फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्यांदा माणसाचा मुतखडा अशा लाटेने फोडला. यंत्र बनवणारी कंपनी मूळची विमाने बनवणारी. पुढे तीच लाट कमी जोराने टाचदुखीसाठी, खांद्यासाठी, कोपरासाठी वापरू लागले. टाचेच्या दुखण्यासाठी अमेरिकेत २००० साली अशा यंत्राला सरकारी परवानगी मिळाली. मनगटाचा नंबर बराच नंतर लागला.

आता आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत जे यंत्र असते त्याची रचना ऐका, आपल्या लोकांना ती लगेच समजेल. हातात धरायच्या नळीत एक छोटा धातूचा ठोकळा असतो. दाबाखालची हवा त्याला मागून ढकलते, तो पुढच्या टोपीवर आदळतो, आणि टोपी कातडीला टेकवलेली असल्यामुळे तो ठोका आत जातो. सेकंदाला पाच-दहा ठोके, एका बैठकीत दोन हजारांच्या आसपास. हवेचा दाब दीड ते चार बार. गाडीच्या ब्रेक पाइपात आपण ५ किलो दाब ठेवतो. म्हणजे ब्रेक पाइपापेक्षा थोड्या कमी हवेवर चालणारा हा एक लहान हातोडा आहे. शास्त्राच्या काटेकोर भाषेत याला शॉक वेव्ह म्हणायचे की नुसती दाबाची लाट, यावर जाणकार वाद घालतात, कारण हा ठोका कातडीपाशी सर्वांत जोरात असतो आणि आत जाता जाता पसरून मंदावतो. दुसऱ्या जातीचे यंत्र लाट एका बिंदूवर आत खोल जमवते. ते महाग असते. जाहिरातीत दोन्हींना नाव एकच. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा की यंत्र कोणत्या जातीचे आहे. उत्तर देताना समोरचा चिडला तर काय समजायचे ते समजा.

आता रोगाकडे येऊ. त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. टनेल म्हणजे बोगदा. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला खाली हाडांची कमान आणि वर एक जाड पट्टा, असा तो बोगदा आहे. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्या सोबत एक नस. जागा मोजून दिलेली आहे. आपल्या बोगद्यात डब्याबाहेर काही आले की इन्फ्रिंजमेंट होते, तसेच इथे दोऱ्यांवरचे आवरण सुजले की नसेवर दाब येतो. बोगदा रुंद होत नाही, दबते ती नस.

ती नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना देते. करंगळीला देत नाही. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. करंगळीसुद्धा मुंगावत असेल तर दुखणे कोपरापाशी, मानेत किंवा दुसरीकडे असू शकते, आणि मनगटावर कितीही ठोके मारले तरी मान सुधारणार नाही. या रोगाचा त्रास रात्री वाढतो. माणूस दोन-तीनच्या सुमारास उठतो, हात झटकतो, मग थोडे बरे वाटते. आमच्या घरी मंडळी म्हणायची, रात्री कोणाला झेंडी दाखवता आहात?

होय, हा आमचाही हात आहे. १९९१ साली आम्ही गँगमन म्हणून लागलो. पुढे त्याच कामाचे नाव ट्रॅकमन झाले, मग ट्रॅक मेंटेनर झाले. हातोडा तोच राहिला. खडी ठासण्याचे बीटर आम्ही चालवले, नंतर कीमन म्हणजे चावीवाला म्हणून रोज सेक्शन चालून ढिल्या पँड्रोल क्लिपा ठोकल्या. पुढे रेल ड्रिलिंग, ग्राइंडिंग आणि हातात धरायचे टॅम्पर आले. अंगमेहनत कमी झाली असे वरून दिसले, पण जी थरथर पूर्वी नव्हती ती हातात आली. मनगटाच्या या रोगाचा संबंध कशाशी जास्त, याचा अभ्यास झालेला आहे. जोर लावून पुन्हा पुन्हा करायचे काम, थरथरणारे हत्यार आणि वाकडे मनगट, ही तीन कारणे एकत्र आली की धोका वाढतो. संगणकाच्या कळफलकाला लोक फार दोष देतात, तो पुरावा तितका भक्कम नाही. बुकिंग ऑफिसच्या साथींनी रागावू नये, त्यांचा हात दुखत नाही असे आम्ही म्हणत नाही.

टपाल खात्यातल्या साथींना आम्ही काय सांगावे? शिक्का मारणे, थैलीच्या तोंडाला सुतळी आवळणे, लाखेची मोहोर, पुन्हा पुढची थैली. आरएमएसच्या डब्यात हे सगळे हलत्या गाडीत. रेल्वे आणि टपाल ही दोन खाती एकाच मनगटावर चालत होती असे म्हटले तरी चालेल. आता शिक्के कमी झाले, स्कॅनर आले, पण पार्सलांचे वजन वाढले.

कामाशिवायही कारणे आहेत. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, संधिवात, वाढलेले वजन. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास जास्त होतो, आणि गरोदरपणात झाला तर बहुधा बाळंतपणानंतर उतरतो. म्हणून रक्ताची तपासणी न करता कोणी थेट यंत्राखाली हात ठेवायला सांगितले तर ठेवू नका.

आता सर्वांनी एक करा. दोन्ही हातांची पाठ एकमेकींना लावा, बोटे खाली, कोपरे वर. नमस्काराच्या उलट. बरोबर. एक मिनिट असेच राहा, आम्ही घड्याळ बघतो. ... झाले. कोणाच्या अंगठ्याकडच्या तीन बोटांत मुंग्या आल्या? अहो, इतके हात! थांबा, याने रोग ठरत नाही. ही फक्त शंका घेण्याची खूण आहे. रोग आहे का, आणि किती, हे नसेतून संदेश किती वेगाने जातो त्या तपासणीवरून नीट कळते. तिला नर्व्ह कंडक्शन म्हणतात. ही चाचणी दवाखान्यात नसेल तर बाहेर रेफर करायला लावा. मागितल्याशिवाय मिळत नाही, हा आमचा अनुभव.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो ती सांगतो. टपाल खात्यातील आमच्या एक भगिनी, नाव घेत नाही, निवृत्तीला दोन-तीन वर्षे राहिली आहेत. सॉर्टिंगमध्ये उभी हयात गेली. पाच-सहा वर्षे रात्री हात झटकत होत्या. कोणी वात म्हणाले, कोणी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मग त्यांनी जाहिरात पाहिली. एका शहरातल्या एका केंद्रात दहा बैठकांचे पॅकेज घेतले, पतपेढीचे कर्ज काढून. नसेची तपासणी कोणी केली नाही. सहाव्या-सातव्या बैठकीनंतर त्यांचे दुखणे खरोखर कमी झाले. त्या पेढे घेऊन ऑफिसात आल्या. आम्हीही खाल्ले.

दोन महिन्यांनी भाकरी करताना तर्जनी तव्याला लागली आणि त्यांना कळले नाही. वास आल्यावर कळले. तेव्हा आम्ही त्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हात उलटा करून अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दाखवला. तो बसलेला होता, खोबणीसारखा. तिथला स्नायू वाळला होता. दुखणे कमी झाले होते ते नस सुधारली म्हणून नव्हे, नस मरायला लागली म्हणून. जी नस दुखल्याचे सांगते तीच गेली तर सांगणार कोण? ऑपरेशन झाले. बोगद्याच्या वरचा पट्टा कापून नसेला जागा करतात, भूल हातापुरती, वेळ अर्ध्या तासाच्या आत. आता त्यांना रात्री झोप लागते. पण ब्लाऊजचे हूक लावायला सून लागते. अंगठ्याचा जोर परत आला नाही. एक-दीड वर्ष आधी ऑपरेशन झाले असते तर कदाचित आला असता.

यात यंत्राचा दोष किती? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, यंत्राने त्यांचा हात बिघडवला असे आम्हाला वाटत नाही. यंत्राने वेळ खाल्ला. ज्याने तपासणी न करता पॅकेज विकले त्याने तो खाऊ दिला.

म्हणजे हे यंत्र खोटे आहे का? तेही नाही. शोध झालेले आहेत. कोरियात २०१३ साली शॉक वेव्ह आणि स्टेरॉईडचे इंजेक्शन यांची तुलना झाली, दोन्ही गटांना आराम पडला. तैवानमध्ये २०१६ साली चाळीस मनगटांवर चाचणी झाली. दोन्ही गटांना रात्रीची पट्टी दिली, एका गटाला आठवड्यातून एकदा अशा तीन बैठका खऱ्या यंत्राच्या आणि दुसऱ्याला तशाच पण खोट्या. खऱ्या यंत्राच्या गटाला सुमारे तीन महिन्यांपर्यंत जास्त आराम दिसला. त्यानंतर आणखीही चाचण्या झाल्या. पण त्या लहान आहेत, यंत्रे वेगवेगळी, ठोक्यांचा जोर वेगवेगळा, आणि बहुतेकांत रोग्याकडे काही महिनेच पाहिले आहे. त्या सगळ्या एकत्र मांडून हिशेब करणाऱ्यांचेही एकमत नाही. कोणी म्हणतो थोडा फायदा, कोणी म्हणतो नुसत्या पट्टीपेक्षा फारसा नाही. आणि एक महत्त्वाचे, या चाचण्या मुख्यतः सौम्य आणि मध्यम रोगावर झाल्या. स्नायू वाळलेल्या हातासाठी हे यंत्र नाही.

ते काम कसे करते हेही पुरते ठरलेले नाही. सूज उतरते, रक्तपुरवठा वाढतो, नस भरून यायला चालना मिळते, असे सांगतात. बोगद्याचा पट्टा मात्र ते कापत नाही, हे नक्की.

आमच्या स्वतःच्या हाताचे सांगतो. आमची तपासणी मध्यम निघाली. डॉक्टरांनी रात्रीची पट्टी दिली, मनगट सरळ ठेवणारी, आत धातूची पाती असते ती. औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांना मिळते. ती आम्ही सहा आठवडे रोज बांधली. शिवाय शॉक वेव्हच्या तीन बैठका घेतल्या, खिशातून पैसे भरून. बैठक दहा मिनिटांची, ठोके बऱ्यापैकी लागतात, कातडी लाल होते, दुसऱ्या दिवशी थोडे निळे पडले होते. आता आम्ही रात्रभर झोपतो. कशाने बरे झाले? पट्टीने, यंत्राने, की आता आमच्या हातात हातोडा नसून पेन आहे म्हणून? खरे सांगायचे तर आमचा स्वतःचा कल तिसऱ्याकडे आहे.

इंजेक्शनबद्दलही लोक विचारतात. इंग्लंडमध्ये २०१८ साली २३४ रोग्यांवर झालेल्या चाचणीत अर्ध्यांना स्टेरॉईडचे एक इंजेक्शन दिले, अर्ध्यांना रात्रीची पट्टी. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, सहा महिन्यांनी दोघे सारखे. मधुमेह असेल तर इंजेक्शनने साखर काही दिवस वाढते, ते आधी सांगून टाका. आणि शॉक वेव्ह घेण्यापूर्वी काही गोष्टी सांगणे जरूर आहे. गरोदर असाल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, हृदयाला पेसमेकर असेल, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल, किंवा नुकतेच तिथे स्टेरॉईड घेतले असेल, तर थांबा आणि डॉक्टरला विचारा. केंद्रातला मुलगा हे विचारेलच असे नाही.

तेव्हा कर्ज काढू का, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. तपासणी झाल्याशिवाय एक पैसा देऊ नका. तपासणी सौम्य किंवा मध्यम आली तर आधी पट्टी, सहा आठवडे, एकही रात्र न चुकवता. आमचे लोक दोन रात्री बांधतात आणि उशाशी ठेवून देतात. तेवढ्याने भागले नाही आणि डॉक्टर म्हणाले, तर दोन-तीन बैठका पट्टीच्या जोडीने घ्यायला हरकत नाही. दहाचे पॅकेज आगाऊ घेऊ नका. आणि बोटे दिवसभर बधिर राहत असतील, हातातून कप पडत असेल, अंगठ्याचा उंचवटा बसला असेल, तर यंत्राचे नावही काढू नका, सर्जनकडे जा. ऑपरेशनला आपण फार भितो. आमच्या शाखेतले एक साथी ऑपरेशननंतर काही आठवड्यांत कामावर परतले आणि जड काम त्यांना हळूहळू दिले गेले. ते हळूहळू सुद्धा भांडून घ्यावे लागले.

इथे आमचे काम सुरू होते. लोक रोग लपवतात. का? मेडिकलमध्ये डिकॅटेगराइझ करतील, नोकरी जाईल, भत्ता जाईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कामगार काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा उतरवता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे, जागा नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचे. १९९५ च्या कायद्यातही हे कलम ४७ म्हणून होतेच. भत्त्याचे नुकसान होते हे खरे, त्यावर आम्ही भांडतो आहोत. पण हात लपवून बोट भाजेपर्यंत थांबणे हा त्यावर उपाय नव्हे.

दुसरे. दवाखान्यात गेलात की कागदावर फक्त हात दुखतो असे लिहून घेऊ नका. किती वर्षे, कोणते हत्यार, दिवसाला किती तास, हे लिहायला लावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत या रोगाचे नाव घेतले आहे, जोराचे व पुन्हा पुन्हा करायचे काम, थरथर आणि मनगटाची टोकाची ठेवण या कारणांसह. पण पोटरीवर रेल पडला तर इंजुरी ऑन ड्यूटीचा फॉर्म भरतात, वीस वर्षांत नस दबली तर कोणी भरत नाही. कागदावर काम लिहिलेले नसेल तर पीएनएमच्या बैठकीत आम्ही काय दाखवावे? मागच्या वेळी आम्ही विषय मांडला तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारले, अशा किती केसेस आहेत? आमच्याजवळ दोन कागद होते. आज या सभागृहात किती हात वर झाले ते सर्वांनी पाहिले.

ग्रामीण डाक सेवक साथींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना नाही, नसेच्या तपासणीचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. म्हणून त्यांच्यासाठी शाखेने तपासणीपुरती मदत करावी असा ठराव आम्ही पुढच्या सभेत आणत आहोत. वर्गणीत पाच रुपये वाढतील. कुरकुर होईल, ती आम्ही ऐकून घेऊ.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. मघाशी ज्यांना मुंग्या आल्या त्यांनी नाव, खाते, हत्यार किंवा काम, आणि किती वर्षे, एवढे लिहावे. ज्यांना पेन धरायला त्रास होतो त्यांच्यासाठी आमचा तरुण साथी तिथे बसला आहे, तो लिहून देईल. पट्टी कशी बांधायची तेही तोच दाखवेल, अंगठा मोकळा राहिला पाहिजे. आता प्रश्न विचारा. भगिनींनी आधी.